घरच्याच माणसाने तुमच्या नावावर परस्पर कर्ज काढलं असेल तर काय करायचं

वसुलीवाल्याचा फोन येतो, तो तुमचं पूर्ण नाव घेतो, पॅनचे शेवटचे आकडे सांगतो आणि विचारतो की तीन हप्ते थकलेत, कधी भरताय. तुम्ही तर कर्ज काढलेलंच नाही. मग थोडी चौकशी केली की कळतं की अर्जावर पत्ता आपल्याच घरचा आहे, मोबाईल नंबर भावाचा आहे किंवा नवऱ्याचा आहे किंवा मुलाचा आहे. अनोळखी चोराने केलं असतं तर माणूस सरळ पोलीस स्टेशन गाठतो, इथे मात्र पाय अडखळतात. आणि या अडखळण्यातच बहुतेकांचं नुकसान होतं, कर्जापेक्षा जास्त.

मला हे सख्ख्या भावाच्या बाबतीत निस्तरावं लागलंय आणि त्यानंतर ओळखीतल्या काही जणींबरोबर मी बँकेत, पोलीस स्टेशनात, सहकार खात्याच्या ऑफिसात जाऊन बसलेय, त्यातून जे समजलं ते इथे सगळं लिहितेय. मी वकील नाही, रक्कम मोठी असेल किंवा कोर्टाचं समन्स आलं असेल तर वकील लागणारच, पण वकिलाकडे जाईपर्यंतचं बरंचसं काम आपलं आपल्याला करता येतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. "हे कर्ज माझं नाही" असं तुम्ही लेखी कळवत नाही तोपर्यंत एकही हप्ता भरू नका. पाचशे रुपयेसुद्धा नाही. वसुलीवाला गोड बोलून म्हणेल की मॅडम निदान थोडे टाका, फाइल पुढे जाणार नाही, आई म्हणेल की एक महिना भर, पुढचं तो बघेल. भरलंत की रेकॉर्डवर असं दिसतं की कर्जदाराने स्वतः हप्ता भरला, म्हणजे कर्ज मान्य होतं. शिवाय मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा पैशाच्या वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. फोनवर "हो हो बघते मी" असंही म्हणू नका, कॉल रेकॉर्ड होत असतात. "हे कर्ज मी घेतलेलं नाही, मी लेखी तक्रार करतेय, तुमचं नाव आणि कंपनीचा ईमेल द्या" एवढंच बोलायचं आणि ठेवायचं.

आधी सगळं कर्ज किती आहे ते शोधा

एक कर्ज सापडलं म्हणजे एकच असेल असं धरून चालू नका. ज्याच्याकडे तुमचं आधार, पॅन, फोन सगळं हाताशी आहे तो सहसा एकावर थांबत नाही, पहिल्याचा हप्ता भरायला दुसरं काढलेलं असतं.

आपल्याकडे क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे, तेव्हा कुठल्या ॲपला पैसे देऊ नका, थेट त्या कंपनीच्या वेबसाइटवर जा. आणि चारही काढा, फक्त सिबिल बघून समाधान मानू नका, बचत गटाची आणि मायक्रोफायनान्सची कर्जं बऱ्याचदा क्रिफच्या रिपोर्टमध्ये नीट सापडतात.

रिपोर्ट आला की लोक स्कोअर बघतात आणि डोकं धरून बसतात. स्कोअर सोडा. तीन ठिकाणं बघायची. पहिलं, खात्यांची यादी, म्हणजे कोणाकडून, कधी, किती आणि किती दिवस थकलंय. दुसरं, चौकशांची यादी, म्हणजे तुमच्या नावाने कुठे कुठे अर्ज झाले, त्यातले काही नामंजूर झालेले असतील पण त्यावरून सुरुवात कधी झाली हे कळतं. आणि तिसरं जे कोणी बघतच नाही ते म्हणजे संपर्काची माहिती, तिथे आजपर्यंत तुमच्या नावाने दिले गेलेले सगळे मोबाईल नंबर, ईमेल आणि पत्ते असतात. भावाचा जुना नंबर तिथे दिसला की अर्ध्या गोष्टी तिथल्या तिथे स्पष्ट होतात. हे पान प्रिंट काढून ठेवा, पुढे पोलिसांना हेच लागतं.

मग बँकेचं स्टेटमेंट. डिजिटल कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की पैसे कर्जदाराच्याच खात्यात गेले पाहिजेत, मधल्या कुणाच्या खात्यात नाही, काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे मोबाईलवर कर्ज काढलं असेल तर पैसे बहुतेक तुमच्याच खात्यात आले असणार आणि काही मिनिटांत यूपीआयने पुढे गेले असणार. ती एंट्री शोधा, कुणाच्या नावावर गेले ते तिथेच लिहिलेलं असतं. ईमेलचा स्पॅम फोल्डरही बघा, करारपत्र आणि कर्जाच्या अटींचा कागद कंपनीला कर्जदाराच्या ईमेलवर किंवा एसएमएसवर पाठवावाच लागतो. आणि जर पैसे तुमच्या नावाच्या पण तुम्ही कधी न उघडलेल्या खात्यात गेले असतील तर ते खातं कोणत्या कागदांवर उघडलं ही वेगळी तक्रार होते.

आता सिबिलमध्ये न दिसणारी कर्जं. गावाकडे हे फार असतं आणि शहरात बसून ते कळत नाही. पतसंस्था, विकास सोसायटी, सावकार, सोनं गहाण, आणि जामीनदार म्हणून परस्पर ठोकलेली सही. बऱ्याच पतसंस्था सिबिलला माहिती देत नाहीत, त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ असला तरी तुमच्या नावावर लाखाची वसुली निघू शकते. वडिलोपार्जित जमिनीत तुमचं नाव असेल तर सातबारा ऑनलाइन काढा आणि "इतर हक्क" या रकान्यात कुठल्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलाय का ते वाचा, फेरफार नंबर दिलेला असतो, तो फेरफारही काढा. मुलगी लग्न होऊन गेली किंवा मुलगा दुबईला नोकरीला गेला की त्याच्या वाट्याच्या जमिनीवर पीककर्ज निघतं आणि सोसायटीचा सचिव गावचाच असल्यामुळे सही कोणी केली हे कोणी विचारत नाही, असं मी स्वतः पाहिलंय.

अजून दोन छोटी कामं लगेच करून टाका. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा, नको असलेली तिथूनच कळवता येतात. आणि जीएसटीच्या वेबसाइटवर तुमचा पॅन टाकून बघा की तुमच्या नावाने कुठला धंदा नोंदवलेला नाही ना.

स्वतःशी खरं बोला, सही कोणाची आहे

पुढे जायच्या आधी हे ठरवावं लागतं, कारण सगळा मार्ग यावर बदलतो.

सही खोटी असेल, किंवा तुमचा फोन परस्पर वापरून ओटीपी घेतला असेल, किंवा सेल्फी फसवून काढला असेल, तर तुम्ही कर्जदारच नाही आणि तेच म्हणायचं. पण सही तुमची असेल, भाऊ म्हणाला ताई इथे सही कर आणि तुम्ही केली, किंवा नवऱ्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, तर बँकेसमोर "सही माझी नाही" असं कधीही म्हणू नका. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं हा स्वतःच गुन्हा आहे आणि हस्ताक्षर तपासलं की उघडं पडतं. अशा वेळी बँकेचं देणं बहुतेक तुमच्यावर येतं आणि लढाई त्या माणसाशी होते, त्याने काय सांगून सही घेतली आणि पैसे कुठे वापरले यावर. जामीनदाराचंही तसंच, खरी सही असेल तर कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी कर्जदाराकडे जायला बांधील नाही.

मधली एक परिस्थिती असते, तुम्ही ओटीपी स्वतः सांगितला पण "गॅसच्या सबसिडीचा आहे" असं ऐकून. हे जसं घडलं तसं लिहा. बँक म्हणेल की ओटीपी दिलात म्हणजे निष्काळजीपणा तुमचा, आणि नियमात तसं कलम आहेही, पण तुम्ही कळवल्यानंतर जे व्यवहार होतील त्यांची जबाबदारी बँकेची असते. म्हणून कळवायला एक दिवसही लावू नका.

कर्ज देणाऱ्याला पत्र

प्रत्येक कर्जासाठी वेगळं पत्र, त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि ईमेल वेबसाइटवर देणं त्यांना बंधनकारक आहे. ईमेल करा आणि शिवाय छापील प्रत शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शाखेवाले शिक्का द्यायला टाळतात, मग स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. मजकूर साधारण असा:

"आपल्या कंपनीकडे माझ्या नावावर कर्जखाते क्रमांक अमुक असल्याचे मला अमुक तारखेला क्रेडिट रिपोर्टवरून समजले. हे कर्ज मी मागितलेले नाही, त्यावर सही केलेली नाही व त्याची रक्कम मी वापरलेली नाही. माझ्या कागदपत्रांचा गैरवापर करून ते काढले गेले आहे. कृपया मूळ अर्ज, केवायसीची कागदपत्रे, अर्जावरील फोटो व सही, अर्जात दिलेला मोबाईल व ईमेल, व्हिडिओ केवायसी झाले असल्यास त्याचे रेकॉर्डिंग, रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील व हप्ते आजवर कोणत्या खात्यातून आले त्याचा तपशील मला द्यावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी व क्रेडिट कंपन्यांना हे खाते वादग्रस्त असल्याचे कळवावे. हे पत्र म्हणजे कर्जाची कबुली नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. आणि या यादीतली सगळ्यात महत्त्वाची मागणी म्हणजे हप्ते कोणत्या खात्यातून आले, कारण सुरुवातीचे दोन-चार हप्ते त्या माणसाने स्वतःच्या खात्यातून भरलेले असतात, आणि मग "मला काही माहीत नाही" हे त्याला म्हणता येत नाही.

त्याच दिवशी क्रेडिट कंपन्यांच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची हरकत, टाका, तो फुकट असतो, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो. ती कंपनी स्वतःहून काही खोडत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि तो हो म्हणाला तरच बदलते, म्हणून दोन्हीकडे एकदम लिहायचं. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे, रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. पैशापेक्षा त्या नियमाचा पत्रात उल्लेख केला की फाइल हलते, हा त्याचा खरा उपयोग.

बँकेने किंवा फायनान्स कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा गोलमाल दिलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर, म्हणजे त्यांच्या तक्रारींच्या वेबसाइटवर, तक्रार, वकील लागत नाही, फी नाही, माहितीसाठी 14448 नंबर आहे. बँकवाले कधी कधी सांगतात की पोलीस केस चालू आहे म्हणजे लोकपालाकडे जाता येत नाही. तसं नाही, पोलीस तपास चालू असला तरी जाता येतं, त्याच विषयावर दिवाणी कोर्टात किंवा लवादात, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा करायला नेमलेल्या माणसाकडे, प्रकरण असेल तर मात्र लोकपाल घेत नाही. आणि सही खरी की खोटी यासाठी साक्षीपुरावे लागणार असतील तर लोकपाल म्हणू शकतो की हे कोर्टाचं काम. म्हणून तक्रार सहीवर न बेतता बँकेच्या चुकांवर बेता: केवायसी नीट केलं नाही, फोटो जुळत नाही, फोन नंबर दुसऱ्याचा, कागद मागून दिले नाहीत.

पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपयोगाचा नाही. तिथे तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे जायचं. आणि पतसंस्थेच्या बाबतीत एक धोका नीट समजून घ्या. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली पतसंस्था निबंधकाकडून वसुली दाखला मिळवते आणि मग थेट जप्तीपर्यंत जाता येतं. दाखल्याच्या आधी नोटीस येते, त्या तारखेला हजर राहून लेखी म्हणणं दिलंच पाहिजे, कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध रिव्हिजनला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला, जायला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. नोटीस जर घरच्याच माणसाने घेऊन लपवली तर तुम्हाला जप्तीचा माणूस दारात आल्यावरच कळतं. म्हणून संशय असेल तर आधीच पतसंस्थेला तुमचा आत्ताचा पत्ता लेखी कळवा.

पोलीस

इथे सगळे थबकतात आणि मला ते समजतं. पण व्यवहाराची बाजू अशी आहे की बँक दुसरं काही मानत नाही. तोंडाने सांगितलेलं "भावाने केलं" याला त्यांच्या लेखी किंमत नाही, पोलिसात तक्रार केली का, हाच पहिला प्रश्न येतो.

ऑनलाइन कर्ज असेल तर 1930 वर फोन किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, आणि त्याची प्रिंट घेऊन पोलीस स्टेशनला. तिथे "घरगुती मामला आहे, आपसात मिटवा" हे ऐकावं लागतं आणि बऱ्याचदा नुसता तक्रार अर्ज घेतात किंवा एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करतात. तक्रारीत घरगुती भांडणाचा इतिहास लिहू नका, तारीख, रक्कम, खातं, नंबर, खोटी सही एवढंच लिहा. 1 जुलै 2024 नंतरचा प्रकार असेल तर भारतीय न्याय संहिता लागते, कलम 318 फसवणूक, 319 तोतयेगिरी करून फसवणूक, 336 बनावट कागद करणं, 340 बनावट कागद खरा म्हणून वापरणं. त्याआधीचा असेल तर जुनी आयपीसी, 419, 420, 468, 471. ओटीपी, पासवर्ड, डिजिटल सही वापरली असेल तर आयटी कायद्याचं 66-सी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. पोलिसांनी एफआयआर घेतलीच नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात असाल तर उपायुक्तांना पाठवा, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. एफआयआर झाल्यावर ती तुमच्या हातात राहत नाही, केस सरकार चालवतं. पुढे त्याने पैसे भरले आणि तुमचं मिटलं तरी बनावट कागदपत्रांचं कलम नुसतं "मी तक्रार मागे घेते" म्हणून संपत नाही, बहुतेक वेळा हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं. म्हणून मी लोकांना सांगते की एफआयआर ही धमकी म्हणून वापरू नका. करायची तर करायची, नाही तर नाही.

घरच्यांचं काय

आता हे. कर्ज कळल्यावर पहिले आठ-दहा दिवस घरात काय होतं ते सगळ्यांच्या घरी सारखंच असतं. आधी तो नाकारतो. मग कागद दाखवले की रडतो, धंद्यात बसलो, क्रिकेटवर लावले, कुणाचं तरी आधीचं देणं होतं. मग आई मध्ये पडते, बाळा तू कमावतेस, त्याची पोरं लहान आहेत, पोलिसात गेलीस तर त्याची नोकरी जाईल, तुझ्या भाचीचं लग्न कसं व्हायचं. आणि बघता बघता चोरी केलेला बाजूला राहतो आणि घर मोडायला निघालेली म्हणून तुमच्याकडे बोट होतं.

यात मला मनापासून सांगायचंय ते असं की माया आणि कर्जाची कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र होऊ देऊ नका. तुम्हाला त्याला मदत करायची आहे, त्याच्या पोरांची फी भरायची आहे, जरूर भरा, तुमचा भाऊ आहे. पण ती मदत त्याच्या नावाने करा, हे कर्ज आपल्या नावावर ओढून घेऊन नाही. नाव एकदा थकबाकीदारात गेलं की उद्या तुम्हाला घराला कर्ज लागेल, मुलीला शिक्षणासाठी लागेल, तेव्हा आई बँकेत येऊन समजावू शकत नाही.

पोलिसात जायचंच नाही असं तुम्ही ठरवलंत, आणि रक्कम लहान असेल, माणूस खरंच भरू शकत असेल तर ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण मग तडजोड कागदावर हवी. त्याने स्वतः लिहून द्यायचं की अमुक खात्याचं कर्ज मी माझ्या बहिणीच्या नावाने तिला न सांगता काढलं, रक्कम मी वापरली, अमुक तारखेपर्यंत मी ते पूर्ण फेडतो, दोन साक्षीदार, नोटरी. पैसे त्याच्या खात्यातून थेट कंपनीला जातील, तुमच्या हातात रोख देऊन नाही. महिन्या-महिन्याच्या हप्त्यावर ठेवू नका, त्याने दागिना विकावा, गाडी विकावी, सासऱ्याकडून घ्यावेत, पण खातं एकदम बंद व्हावं. आणि "सेटलमेंट" करून, म्हणजे कमी रकमेत मिटवून नाही, पूर्ण भरून, कारण सेटलमेंट केलं की रिपोर्टवर तुमच्याच नावापुढे तसा शेरा राहतो. हा कबुलीचा कागद त्याने द्यायला नकार दिला तर मग तो फेडणारही नाही एवढं समजून घ्या आणि पुढचं पाऊल टाका.

नवऱ्याने केलं असेल तर अजून एक दार आहे. घरगुती हिंसाचार कायदा 2005 मध्ये आर्थिक छळ हा हिंसाचारच धरलाय, परस्पर मोडलेलं किंवा गहाण टाकलेलं स्त्रीधन, पैशाची अशी लूट हे त्यात मांडता येतं, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि महिलांना, मग उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, 15100 वर फोन करा. त्या नंबरबद्दल बायकांना कोणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या नावावर मुलाने काढलं असेल तर घाईने त्यांना पोलीस स्टेशनला ओढू नका, आधी कागद गोळा करा, त्यांना एकट्याला विचारा, मुलगा समोर असताना ते खरं सांगणार नाहीत.

नोटिसा आल्या तर

कुठलंही पाकीट नाकारू नका आणि फाडून टाकू नका. पण प्रत्येक कागद सारखा नसतो. वकिलाची नोटीस, तिला वर दिलेल्या पत्रासारखंच लेखी उत्तर, आणि चेक बाउन्सची असेल तर 15 दिवसांच्या आत. लोकअदालतीचं बोलावणं हे समन्स नाही, तिथे तडजोड सक्तीची नसते, जायचं असेल तर जा आणि सांगा की कर्ज माझं नाही, पण कशावरही सही करू नका, लोकअदालतीत तडजोडीवर सही झाली की त्यावर अपील नसतं. लवादाची नोटीस मात्र लोक रद्दी समजतात आणि तिथेच फसतात, फायनान्स कंपन्या लवाद नेमून तुमच्या गैरहजेरीत निकाल घेतात आणि तो कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल होतो, त्याला आव्हान द्यायला 3 महिने असतात. लवादाचं किंवा कोर्टाचं काहीही आलं की वकील करा.

वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यांना, ऑफिसात सांगून बदनामी करायची नाही, घरी आले तर ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवायचं, हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे. मोडलं तर रेकॉर्डिंग ठेवा, लोकपालाच्या तक्रारीत ते फार उपयोगी पडतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

हे खरं तर पहिल्या दिवशीच करायचं. फोनचा लॉक, यूपीआयचा पिन, ईमेलचा पासवर्ड बदला, घरातल्या कुणाला माहीत असलेला जन्मतारखेचा पिन नको. आधारला कोणाचा मोबाईल जोडलाय ते बघा, तो तुमचाच हवा. आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, आणि ओटीपीने होणारा वापरही थांबवायचा असेल तर आधार नंबरच लॉक करता येतो, मग लागेल तेव्हा व्हर्च्युअल आयडी, म्हणजे आधार नंबरऐवजी चालणारा तात्पुरता नंबर, वापरायचा. मागच्या 6 महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादीही तिथेच मिळते, ती जुनी होऊन जायच्या आत उतरवून घ्या.

आपल्या बँकेत जाऊन खात्यावर कोणकोणते हप्त्याचे मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायच्या परवानग्या, चालू आहेत त्याची यादी मागा आणि आपले नसलेले रद्द करा. आणि खोटं कर्ज ज्या बँकेचं आहे त्याच बँकेत तुमचा पगार येत असेल तर पगाराचं खातं दुसरीकडे न्या, बँका थकबाकी परस्पर तुमच्या बचत खात्यातून वळती करून घेतात.

कर्ज तुमचं नाही हे कंपनीने मान्य केलं किंवा त्या माणसाने पूर्ण फेडलं, तर नुसत्या फोनवर विश्वास ठेवू नका, लेटरहेडवर खातं बंद झाल्याचं, तुमच्यावर काही देणं नसल्याचं आणि क्रेडिट कंपन्यांना दुरुस्ती पाठवल्याचं पत्र घ्या. जमिनीवर बोजा असेल तर ते पत्र तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करून घ्यावा लागतो, तो आपोआप उतरत नाही. 2025 पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे महिन्याभराने पुन्हा चारही रिपोर्ट बघा. थकलेली कर्जं वसुली कंपन्यांना विकली जातात आणि दोन वर्षांनी वेगळ्याच नावाच्या कंपनीचा फोन येतो, तेव्हा त्या पत्राची प्रत, एफआयआर आणि कबुलीचा कागद एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल त्या घरात ठेवू नका जिथे तो माणूस येतो-जातो.